वीज अनुकूलन, घरगुती ध्वनियंत्रणेचे
घरातील ध्वनियंत्रणेला मिळणाऱ्या विजेचा दाब स्थिर राखणे, तिच्यातील उच्च कंप्रतेचा गोंगाट गाळणे आणि दाबाच्या क्षणिक उसळीपासून उपकरणे वाचवणे या तीन कामांना मिळून वीज अनुकूलन म्हणतात. पॉवर कंडिशनर या एकाच नावाने फिल्टर असलेली साधी पट्टी, विलगक रोहित्र (दोन बाजूंत थेट विद्युत जोडणी न ठेवणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर) आणि विजेचा तरंग नव्याने घडवणारा रीजनरेटर ही सगळीच साधने विकली जातात. त्यामुळे खरेदीआधी दोष नेमका कोणता, हे ओळखणे अगत्याचे ठरते.

मतभेद आहेत ते मुख्यतः स्पीकरमधून येणाऱ्या घूं आवाजाबद्दल. त्याचे खापर दूषित विजेवर फोडण्याची प्रथा जुनी आहे. वस्तुतः अँप्लिफायरमध्ये आलेली वीज रोहित्र, एकदिशकारक (रेक्टिफायर) व मोठी धारित्रे (कपॅसिटर) यांतून जाऊन एकदिश (डीसी) होते. पूर्णतरंग एकदिशकारकानंतर उरणारी लहर १०० हर्ट्झची असते आणि सुस्थितीतील मंडलात ती सहसा ऐकू येत नाही. ५० हर्ट्झचा आवाज बहुधा भूवलयातून (ग्राउंड लूप) येतो. दोन उपकरणांची अर्थिंग निरनिराळ्या जागी झालेली असली, की त्यांच्यातील अल्प दाबफरकामुळे आरसीए केबलच्या (उपकरणे जोडणाऱ्या संकेताच्या तारेच्या) बाहेरील जाळीतून प्रवाह वाहतो व संगीताच्या संकेतात मिसळतो. ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकाच्या जून १९९५ च्या अंकात ध्वनी अभियंता नील मन्सी यांनी उपकरणाच्या आत जाळी चुकीच्या जागी जोडण्याच्या दोषाकडे, तर अभियंता बिल व्हिटलॉक यांनी संतुलित जोडणीतील, म्हणजे संकेत दोन समान तारांतून नेणाऱ्या जोडणीतील, संरोधाच्या (इंपीडन्स) समतोलाकडे लक्ष वेधले. रोख भिन्न असला, तरी दोष उपकरणांमधील जोडणीत शोधावा ही दिशा दोघांची आहे आणि तीच अधिक ग्राह्य वाटते. सेट टॉप बॉक्सची केबल काढताच आवाज थांबला, तर कंडिशनरपेक्षा संकेताच्या वाटेवरील विलगक रोहित्र उपयोगी पडते. आवाज थांबवण्यासाठी प्लगची अर्थ पिन काढून टाकणे मात्र जिवावर बेतू शकते.

आवाज स्पीकरऐवजी अँप्लिफायरच्या डब्यातून येत असेल, तर प्रकरण निराळे. वलयाकार गाभ्याचे रोहित्र विजेत मिसळलेल्या थोड्याशा एकदिश दाबानेही संपृक्त होऊन (गाभ्याची चुंबकीय क्षमता संपून) गुरगुरते. तेथे एकदिश दाब अडवणारे मंडल लागते. चौकोनी तरंगाच्या स्वस्त इन्व्हर्टरवरही रोहित्र असेच आवाज करते.

भारतात घरगुती पुरवठा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा असतो. रोहित्रावर चालणाऱ्या साध्या अँप्लिफायरला दाब १० टक्के कमी मिळाला, तर कमाल शक्ती सुमारे १९ टक्क्यांनी घटते. कानाला हा फरक १ डेसिबलहूनही कमी. १०० ते २४० व्होल्टवर चालणाऱ्या स्विचिंग पुरवठ्याच्या (एसएमपीएस) उपकरणांना तेवढाही फरक पडत नाही. शेतीपंपांच्या वेळेत दाब फार खाली जातो अशा गावी मात्र स्टॅबिलायझर आवश्यक ठरतो.

कंडिशनरने संगीत अधिक खुले होते, हे मत श्रोत्याला साधन न सांगता घेतलेल्या चाचणीविना स्वीकारणे कठीण आहे.

संरक्षणाची गरज निर्विवाद आहे. त्रिकला (थ्री फेज) पुरवठ्यातील न्यूट्रल तुटल्यास घरात ४०० व्होल्टच्या जवळपास दाब येऊ शकतो. उसळी शोषणारे व्हॅरिस्टर क्षणिक आघातासाठी असतात. असा टिकून राहणारा दाब त्यांना जाळतो, म्हणून ठरावीक मर्यादेबाहेर वीज तोडणारे साधन वेगळे बसवतात.