जुनी एसयूव्ही घेताना: कंपनीची उरलेली वॉरंटी आणि विक्रेत्याची वॉरंटी योजना

विक्रेता म्हणतो, "गाडी वॉरंटीत आहे." त्यावर लगेच विचारा, कोणाच्या? गाडी बनवणाऱ्या कंपनीची वॉरंटी शिल्लक असणे वेगळे आणि विक्रेत्याने वरून जोडलेली योजना वेगळी. खरा फरक कळतो तो काम निघाल्यावर.

कंपनीची वॉरंटी चासी नंबरला जोडलेली असते, त्यामुळे मालक बदलला तरी ती बहुधा गाडीसोबत येते. मात्र मुदत पहिल्या विक्रीच्या तारखेपासून मोजतात. वर्षे आणि किलोमीटर यांपैकी जे आधी भरेल तिथे ती संपते. अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून चासी नंबरवरून ती तारीख आणि सर्व्हिसच्या नोंदी काढून घ्या. ऑइल बदलण्यात मोठा खंड असेल, तर टर्बो किंवा बेअरिंग गेल्यावर कंपनी नेमके त्यावरच बोट ठेवते. ब्रेक पॅड, क्लच प्लेट, फिल्टर हे झिजणारे भाग तसेही सहसा वॉरंटीत धरत नाहीत.

विक्रेत्याची योजना म्हणजे निव्वळ करार. पैसे अनेकदा तिसरीच कंपनी देते. त्यात भागांची यादी, दर दाव्याची कमाल रक्कम आणि कधी सुरुवातीचा प्रतीक्षाकाळही असतो. "इंजिन कव्हर" एवढ्यावर विसंबू नका. यादीत टर्बो, इंजेक्टर, ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) ही नावे आहेत का ते बघा. चारही चाकांना ताकद जाणारी गाडी असेल तर ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा भाग, तोही शोधा.

समजा वॉटर पंपाचे सील गळून कूलंट कमी झाले. कंपनीच्या वॉरंटीत सील स्वतःहून गेलेले ठरले, तर पंप बदलून मिळतो. योजनेत मात्र पंप यादीत असूनही गळती खरेदीच्या आधीची ठरवून दावा फेटाळला जाऊ शकतो. म्हणून व्यवहाराआधी थंड इंजिनवर कूलंटची पातळी आणि पंपाभोवतीचे वाळलेले डाग तपासाच. आणि तापमानाचा काटा लाल पट्ट्यात असताना गाडी पळवून हेड (इंजिनाचा वरचा भाग) वाकले, तर दोन्हीकडे हेडचा खर्च तुमच्याच माथी येण्याची शक्यता मोठी.

योजनेत आणखी एक अडचण असते: इंजिन उघडण्याआधी लेखी मंजुरी लागते. मंजुरीविना उघडले तर दावा बुडू शकतो. मंजुरी घेऊन उघडले आणि दोष यादीबाहेरचा निघाला, तर उघडण्याची मजुरी बहुधा आपणच भरायची. ती किती, हे आधीच विचारा.

गाडी दुरुस्तीला देताना जॉब कार्डवर, म्हणजे सर्व्हिस सेंटरच्या तक्रार-नोंदीच्या कागदावर, निदान लिहू नका, लक्षण लिहा. "गिअरबॉक्स खराब" नको. "इंजिन थंड असताना दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरला झटका, गरम झाल्यावर बंद" असे हवे. इंजिनचा दिवा लागला असेल तर बॅटरी काढून तो घालवू नका. गाडीच्या संगणकात दोषाच्या कोडसोबत नोंदलेले त्या क्षणाचे वेग, तापमान पुसले जाते आणि मेकॅनिकला काहीच सापडत नाही.

दोष सापडला नाही तरी तारीख आणि किलोमीटरसह जॉब कार्डची प्रत घ्याच. मुदत संपल्यावर तोच दोष पुन्हा आला, तर तक्रार मुदतीतली होती हे दाखवायला तोच कागद कामी येतो.