गर्तेच्या काठावरचे पन्नास मीटर

11 मार्च 2011 रोजी ईशान्य जपानच्या किनाऱ्यापुढे समुद्रतळाखाली 9.0 तीव्रतेचा भूकंप झाला आणि पाठोपाठ आलेल्या त्सुनामीने हजारो माणसांचा बळी घेतला. भूकंपमापनाची इतकी दाट यंत्रणा असलेल्या देशात हे घडावे, ही गोष्ट आजही अस्वस्थ करते. जमिनीवरची सुमारे 1,200 जीपीएस केंद्रे भूपृष्ठाची बारीकसारीक हालचाल टिपत होती. पण पॅसिफिक भूपट्ट (पृथ्वीच्या कवचाचा सरकता तुकडा) जिथे जपानखाली शिरू लागतो, ती गर्ता, म्हणजे समुद्रतळावरची खोल घळ, किनाऱ्यापासून जवळपास 200 किलोमीटर दूर, सात किलोमीटर पाण्याखाली आहे. तिथला मऊ गाळ ताण साठवून न ठेवता हळूहळू सरकत असावा, असा अनेक तज्ज्ञांचा समज होता, आणि तो खरा की खोटा हे जमिनीवरून ठरवता येत नव्हते.

तो समज मोडला समुद्रावर जाऊन केलेल्या मोजणीने. जपानच्या तटरक्षक दलाने भूकंपापूर्वीच समुद्रतळावर काही उपकरणे ठेवली होती. जहाज वरून ध्वनिसंकेत सोडते, तळावरचे उपकरण त्याला उत्तर देते आणि ध्वनीला जाण्यायेण्यास लागलेला वेळ जहाजाच्या जीपीएस स्थानाशी जुळवला, की उपकरणाची जागा काही सेंटिमीटरपर्यंत नक्की करता येते. भूकंपाच्या केंद्राजवळचे असे एक ठिकाण 24 मीटर सरकलेले आढळले. गर्तेच्या काठाचा 1999 मधला नकाशा भूकंपानंतरच्या नकाशाशी ताडून पाहिला, तेव्हा तिथला तळ सुमारे 50 मीटर पुढे गेलेला आणि वरही उचललेला दिसला. त्सुनामी एवढी मोठी का झाली, याचा उलगडा त्या उचलीत होता. पुढच्या वर्षी ‘चिक्यू’ या जहाजाने तिथे समुद्रतळाखाली 800 मीटरहून अधिक खोल छिद्र पाडले. एवढा उत्पात घडवणारा सरकपट्टा पाच मीटरपेक्षाही पातळ, निसरड्या चिकणमातीचा निघाला!

आपल्या अरबी समुद्रात असाच प्रश्न पाकिस्तान आणि इराणच्या मकरान किनाऱ्यापुढे आहे. 28 नोव्हेंबर 1945 रोजी पहाटे पस्नीजवळच्या समुद्रात 8.1 तीव्रतेचा भूकंप झाला, आणि त्याची त्सुनामी काही तासांत मुंबईपर्यंत येऊन इथेही माणसे दगावली. मकरानपाशी अरबी भूपट्ट युरेशियन भूपट्टाखाली जातो. पण तिथे साचलेला गाळ काही ठिकाणी सात किलोमीटर जाडीचा असल्यामुळे गर्ता बुजून गेली आहे आणि नुसत्या तळाच्या नकाशावर ती ओळखूही येत नाही. म्हणून जहाजामागे ओढलेल्या एअरगनमधून दाबलेली हवा एकदम सोडून ध्वनी निर्माण करतात. तो गाळाच्या थराथरांवरून परततो, आणि कित्येक किलोमीटर लांबीच्या केबलमधले हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातले ध्वनिग्राहक, त्याचे प्रतिध्वनी टिपतात. त्यांतून थरांचा उभा छेद तयार होतो. गाळाच्या घड्या, प्रस्तरभंगाचा (ज्या भेगेवरून खडक सरकतात तिचा) उतार, त्याची खोली त्यात दिसते. प्रस्तरभंगाचा किती भाग एका वेळी तुटू शकेल, हे त्यावरून अजमावले, की संभाव्य भूकंपाची कमाल तीव्रता आणि कोणत्या बंदरावर किती उंच लाट येईल, याचे गणित मांडता येते. दिवस आणि वेळ मात्र कोणतेही सर्वेक्षण सांगू शकत नाही.

मकरानच्या पश्चिमेकडील, इराणकडच्या भागात आधुनिक उपकरणांच्या काळात असा मोठा भूकंप नोंदला गेलेला नाही. तो भाग शांतपणे सरकतो आहे की घट्ट अडकून ताण साठवतो आहे, हे ठरवायला जपानसारखी ध्वनी-उपकरणे तिथल्या तळावर ठेवून वर्षानुवर्षे जहाजाने त्यांच्या जागा मोजत राहावे लागेल.