चिखलातलं एक मिनिट

मुंबईत रग्बी रंगते ती पावसाळ्यात. जुलैच्या एखाद्या संध्याकाळी आझाद मैदानाच्या टोकाला, बॉम्बे जिमखान्याच्या कुंपणापाशी उभं राहून बघा. पंधरा वर्षांचा पोरगा रकच्या, म्हणजे जमिनीवरच्या चेंडूसाठी झोंबणाऱ्या खेळाडूंच्या, ढिगाऱ्याखालून निघतो, गुडघ्यांवर हात टेकतो, दोन श्वास घेतो, तोवर चेंडू पुन्हा त्याच्याच अंगावर येतो.

पोरगं किती पळालं, हे हल्ली मोजता येतं. घट्ट बनियनमध्ये, दोन खांद्यांच्या मधोमध छोटं जीपीएस यंत्र बसवतात. ते सेकंदाला दहा वेळा खेळाडूची जागा टिपतं. १९ वर्षांखालच्यांचा सामना ३५-३५ मिनिटांचा. मिनिटाला सरासरी ६०-७० मीटर धरले तर चार-पाच किलोमीटर होतात, म्हणजे जवळपास सीएसएमटी ते चिंचपोकळी. एवढं अंतर शाळकरी मुलं रमतगमतही पळतील. मग एवढी धाप कशाची?

सरासरीने खरा भार झाकला जातो. बराच वेळ चेंडू खेळाबाहेर असतो आणि मुलं चालत असतात. पण सामन्यातल्या सर्वांत धावपळीच्या मिनिटात हाच आकडा दुपटीवर जातो. त्या एका मिनिटात झेप (सुसाट धाव), टॅकल (चेंडूवाल्याला धरून पाडणं), चिखलात आपटणं, उठणं, वळणं आणि पुन्हा झेप असं सगळं येतं. फॉरवर्डची, म्हणजे पुढच्या फळीतल्या गड्याची, तर आणखी पंचाईत. स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघांचे फॉरवर्ड एकमेकांत गुंतून भिडतात तेव्हा, तो जीव खाऊन रेटत असतो, तेव्हा यंत्रावर त्याचं अंतर जवळजवळ शून्य! बॅक, म्हणजे मागच्या फळीतले, जास्त पळतात, म्हणून फॉरवर्ड कमी दमतात असं समजणं मला साफ चूक वाटतं.

पहिल्या काही सेकंदांच्या झेपेला स्नायूंतला क्रिएटिन फॉस्फेटचा, म्हणजे झटपट ऊर्जा देणाऱ्या रसायनाचा, साठा कामी येतो. तो निम्मा भरून यायला साधारण अर्धं मिनिट लागतं, पुरता भरायला काही मिनिटं. दोन श्वासांत तो कुठून भरणार? लहान मुलं मोठ्यांपेक्षा लवकर सावरतात, वयात येताना मात्र हा फायदा ओसरत जातो. मुलगे साधारण चौदाव्या वर्षी झपाट्याने उंच होतात, मुली बाराव्या. त्या काळात मांडीचा स्नायू गुडघ्याखालच्या कोवळ्या हाडाला ओढत राहतो आणि तिथे ठणका लागतो. ‘चौदा वर्षांखालील’ म्हणून उभ्या केलेल्या एकाच रांगेत एकाला मिसरूड फुटलेली असते, शेजारच्याचा आवाजही फुटलेला नसतो. दोघांना सारख्याच फेऱ्या मारायला लावणं हा अन्याय आहे.

त्यात आपली दमट हवा. घाम अंगावरून उडून गेला तरच शरीर थंड होतं. पावसाळ्यात तो नुसता ओघळतो, उष्णता आत साठते.

म्हणून मैदानाला दहा फेऱ्यांऐवजी एक मिनिटाचा सराव द्यावा: वीस मीटर झेप, पोटावर पडणं, उठणं, जोडीदाराला रेटणं, वळून पुन्हा झेप. मग दोन-तीन मिनिटं चालणं, घोटभर पाणी. आणि ज्याचा गुडघा ठणकतो, त्याला त्या दिवशी फक्त पासिंग.