रुग्ण कल्याण समिती

शासकीय रुग्णालयाच्या कारभारात स्थानिक लोकांना व रुग्णांना वाटा मिळावा म्हणून स्थापन केलेली समिती. हिंदी भाषक राज्यांत ती रोगी कल्याण समिती या नावाने ओळखली जाते. लोकप्रतिनिधी, प्रशासकीय अधिकारी, रुग्णालयातील डॉक्टर, स्वयंसेवी संस्थांचे प्रतिनिधी आणि नागरिक तिचे सदस्य असतात. जिल्हा रुग्णालयापासून प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत अशा समित्या आहेत. सामान्यतः त्यांची नोंदणी संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली होते.

उगम : समितीचा उगम बहुतेक लेखक इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात मानतात. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ आली, तेव्हा या रुग्णालयातील उंदरांचा सुळसुळाट हा एकाएकी गंभीर प्रश्न बनला. जिल्हा प्रशासनाच्या पुढाकाराने रुग्ण अन्यत्र हलवले गेले, साचलेला कचरा उपसला गेला आणि उंदरांचा नायनाट करण्यात आला. स्वच्छ झालेली इमारत पुन्हा पूर्वपदावर जाऊ नये म्हणून तिच्या देखभालीसाठी स्वतंत्र समिती नेमली गेली. मध्य प्रदेश शासनाने ही रचना १९९५-९६ च्या सुमारास राज्यातील इतर रुग्णालयांत नेली. २००० मध्ये या प्रयोगाला ग्लोबल डेव्हलपमेंट नेटवर्क या विकासविषयक संशोधन संस्थांच्या जागतिक संघटनेचा पुरस्कार मिळाला.

ही उपपत्ती सर्वमान्य नाही. राजस्थानातील मेडिकेअर रिलीफ सोसायट्या साधारण त्याच काळातल्या असून त्यांची घडणही बरीचशी अशीच आहे. त्यामुळे अग्रमान इंदूरला देणे काहींना मान्य नाही. दुसरा पक्ष आणखी मागे जातो. देशाच्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीने १९४६ मध्ये ग्राम आरोग्य समित्यांची शिफारस केली होती, आणि प्राथमिक आरोग्यसेवेवरील आंतरराष्ट्रीय परिषदेच्या १९७८ च्या आल्मा-आता जाहीरनाम्याने आरोग्यसेवेच्या नियोजनात सहभागी होणे हा लोकांचा हक्क व कर्तव्य मानले होते. मात्र समितीचा धागा थेट तिथपर्यंत नेणे ओढूनताणून केल्यासारखे वाटते. भोर समितीच्या डोळ्यांसमोर गावाचे आरोग्य होते. रुग्णालयाच्या तिजोरीचा तेथे प्रश्न नव्हता. इंदूरच्या प्रयोगाचे नावीन्य पैशाच्या व्यवहारात होते. एरवी रुग्णांकडून घेतलेले शुल्क सरकारी कोषागारात जमा होई. नोंदणीकृत संस्थेमुळे ते रुग्णालयातच ठेवून तिथेच खर्च करता येऊ लागले. म्हणून समितीचे मूळ लोकसहभागाच्या विचारापेक्षा १९९० नंतरच्या आर्थिक सुधारणांत शोधणे अधिक सयुक्तिक ठरते. शुल्क आणि सहभाग यांची ही मोट पुढे समितीच्या सर्व वादांच्या मुळाशी राहिली.

रचना व निधी : एप्रिल २००५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने समित्या देशभर पोहोचवल्या. धोरण ठरवणारे नियामक मंडळ आणि दैनंदिन निर्णय घेणारी कार्यकारी समिती असे तिचे दोन स्तर असतात. अभियानाच्या सुरुवातीच्या निकषांनुसार जिल्हा रुग्णालयाच्या समितीला वर्षाला ५ लाख रुपये व प्राथमिक आरोग्य केंद्राच्या समितीला १ लाख रुपये अनुदान होते. प्राथमिक आरोग्य केंद्राला २५,००० रुपये अबंधित (स्थानिक गरजेनुसार खर्च करता येणारा) निधी आणि ५०,००० रुपये देखभाल अनुदान वेगळे, म्हणजे एकूण १ लाख ७५ हजार. २०१५ मध्ये मार्गदर्शक सूचना सुधारण्यात आल्या आणि तक्रार निवारण व रुग्णहक्क यांवर अधिक भर आला.

प्रत्यक्ष कामकाज : प्राथमिक आरोग्य केंद्रात सदस्य सचिव हे वैद्यकीय अधिकारीच असतात. विषयपत्रिका तेच काढतात, खर्चाची गरज तेच मांडतात आणि अंमलबजावणीही त्यांच्याच हाती असते. पाण्याची मोटर दुरुस्त करणे, इन्व्हर्टरची बॅटरी बदलणे, खिडक्यांना जाळ्या बसवणे असे विषय मंजूर होतात, इतिवृत्तावर सह्या होतात. ही कामे आवश्यकच आहेत. परंतु बाळंतिणीला रात्री कोणी हाकलले, किंवा औषधांची चिठ्ठी बाहेरची का दिली, हा विषय पत्रिकेवर यायचा तर तो मांडणारा माणूस समितीत हवा, आणि पुढच्या उपचारांसाठी ज्याच्याकडे जायचे त्याच्यासमोर तो मांडण्याचे बळही त्याच्या अंगी हवे. नागरिक प्रतिनिधी नामनिर्देशनाने येतात, त्यामुळे गावातील वजनदार माणसांचीच वर्णी लागण्याचा धोका असतो. अमेरिकन अभ्यासक शेरी आर्नस्टिन यांनी १९६९ मध्ये नागरिकांच्या हाती प्रत्यक्ष किती सत्ता येते हे दाखवणारी सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या आधारे पाहता बहुतेक समित्या सल्लामसलतीच्या मधल्या पायऱ्यांवर दिसतात.

लोकाधारित देखरेख : ही उणीव भरून काढणारा महत्त्वाचा प्रयोग महाराष्ट्रात झाला. २००७ पासून अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आताचे धाराशिव), पुणे व ठाणे या जिल्ह्यांत गावपातळीवर माहिती गोळा करून आरोग्यसेवेची प्रगतिपत्रके तयार केली जाऊ लागली. हिरवा रंग चांगल्या सेवेसाठी, पिवळा मध्यम व लाल वाईट सेवेसाठी. त्यामुळे अक्षरओळख नसलेल्यालाही निकाल वाचता येई. ही पत्रके जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ठेवली जात. बाहेरून विकत आणाव्या लागलेल्या औषधांची चिठ्ठी हातात घेऊन एखादी बाई सर्वांसमक्ष उभी राही, आणि उत्तर देणे अधिकाऱ्याला भाग पडे. समितीच्या बंद खोलीतील बैठकीपेक्षा हा मार्ग अधिक परिणामकारक मानावा लागेल, कारण येथे तक्रार करणारी व्यक्ती एकटी नसते. पुण्याच्या साथी या संस्थेने राज्य समन्वयाचे काम पाहिले.

शुल्काचा प्रश्न : शुल्कामुळे गरीब रुग्ण सेवेपासून दूर राहतो, हा आक्षेप प्रारंभापासून होता. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने गर्भवती माता व नवजात बालकांची सेवा निःशुल्क केली. महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने १५ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या रुग्णालयांतील उपचार केसपेपरसह मोफत केले. ज्या शुल्काच्या विनियोगासाठी समितीची कल्पना निघाली, तेच येथे उरलेले नाही. शासकीय अनुदान आणि देणग्या हेच तिचे मुख्य आर्थिक आधार राहतात.