वाट आधी कोणाची? कारखान्यातील फिरत्या रोबोंचे गणित

मोठ्या गोदामात किंवा कारखान्यात माल इकडून तिकडे नेणाऱ्या चाकांवरच्या रोबोला दिवसभर दोन प्रश्न सोडवावे लागतात. आपण या क्षणी नेमके कुठे आहोत, हा पहिला. आणि समोर मोकळी दिसणारी जागा खरोखर आपल्यासाठी मोकळी आहे की दुसरा कोणी तिथे येऊ घातला आहे, हा दुसरा. पहिल्या प्रश्नामागचे शास्त्र आता बरेच पक्के झाले आहे आणि प्रात्यक्षिकात तेच दाखवले जाते. मात्र एकट्याने सफाईने फिरणाऱ्या रोबोऐवजी तसेच तीस रोबो एका छपराखाली आले, की काम मधेच अडू लागते आणि त्याचे मूळ बहुतेक वेळा दुसऱ्या प्रश्नात असते, असे माझे मत आहे.

या यंत्रांचे पूर्वज 1950 च्या दशकात अमेरिकेत तयार झाले. बॅरेट इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीच्या विनाचालक गाड्या तारेतून वाहणाऱ्या विद्युतप्रवाहाचा माग काढत चालत. पुढे जमिनीत पुरलेल्या तारा आणि जमिनीवर चिकटवलेल्या चुंबकीय पट्ट्या आल्या, तरी मार्ग बदलायचा म्हणजे जमीन उकरायची किंवा पट्टी उचकटायची, हे काही सुटले नाही. 2003 मध्ये स्थापन झालेल्या किवा सिस्टिम्सने जमिनीवर ठरावीक अंतरावर सांकेतिक चौकोन चिकटवले. रोबोच्या पोटाखालचा कॅमेरा ते वाचतो आणि रोबोला आपले स्थान कळते. 2012 मध्ये ॲमेझॉनने ही कंपनी 77.5 कोटी डॉलरना विकत घेतली. ही पद्धत अत्यंत भरवशाची आहे. मात्र रोबोंचे आवार कुंपणाने वेगळे राखून माणसांना त्याबाहेर ठेवता येते, तिथेच ती शोभते. जिथे कामगार, फोर्कलिफ्ट आणि रोबो एकाच वाटेने जातात, तिथे रोबोला भोवतालच्या भिंती आणि खांब पाहूनच आपली जागा ओळखावी लागते.

नुसते चाकांचे फेरे मोजून हे का भागत नाही, ते छोट्या हिशेबाने पाहता येईल. समजा, रोबोच्या दोन चाकांमध्ये 50 सेंटीमीटर अंतर आहे, चाकांचा व्यास 200 मिलिमीटर आहे आणि झिजून एका चाकाचा व्यास दुसऱ्यापेक्षा फक्त 0.2 मिलिमीटरने कमी झाला आहे. हा फरक टक्क्याचा दहावा भाग. तरीही 10 मीटर गेल्यावर दोन चाकांनी कापलेल्या अंतरात 1 सेंटीमीटरचा फरक पडतो, रोबोचे तोंड सुमारे 1.15 अंशांनी वळते आणि तो सरळ रेषेपासून 10 सेंटीमीटर बाजूला सरकतो. 20 मीटरनंतर हे विचलन 40 सेंटीमीटर होते, कारण ते अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. विशेष म्हणजे चाकांच्या नोंदीनुसार रोबो अजूनही नाकासमोर सरळच चालला आहे. कन्व्हेयरला जाऊन भिडताना एखाद्या सेंटीमीटरचीच मुभा असेल, तर ही चूक वाटेतच सुधारली गेली पाहिजे.

ती सुधारण्याचे काम लायडार करतो. फिरता लेझर किरण भोवतालच्या वस्तूंवर आपटून परत येतो आणि लागलेल्या वेळावरून अंतर कळते; 10 मीटरवरच्या भिंतीवरून परतायला प्रकाशाला सुमारे 67 नॅनोसेकंद लागतात. बसवणीच्या वेळी तंत्रज्ञ रोबोला सगळ्या आवारातून एकदा फिरवून आणतो आणि त्या फेरीत रोबो नकाशा तयार करतो. नंतर रोज समोर दिसणारे चित्र त्या नकाशाशी ताडून पाहायचे असते. यासाठीची एक प्रभावी पद्धत फ्रँक डेलार्ट, डीटर फॉक्स, वोल्फ्राम बुरगार्ड आणि सेबास्टियन थ्रुन या संशोधकांनी 1999 मध्ये मांडली. तिच्यात रोबो ‘मी इथे आहे’ असे एकच उत्तर धरून बसत नाही. तो नकाशावर शेकडो किंवा हजारो संभाव्य जागा मांडतो, स्वतः जसा हलेल तसा त्या प्रत्येक जागेला हलवतो, आणि त्या जागेवरून भिंत जितक्या अंतरावर दिसायला हवी तितक्यावर ती खरोखर दिसते का, हे तपासतो. न जुळणारे अंदाज गळून पडतात, जुळणारे वाढत जातात आणि काही मीटरच्या प्रवासात सारे अंदाज बहुधा एका ठिकाणी गोळा होतात.

या पद्धतीची खरी कसोटी गोदामातच लागते. एकसारख्या रॅकच्या दोन लांब मार्गिका लायडारला सारख्याच दिसतात. सकाळी जिथे पॅलेटची थप्पी होती, तिथे दुपारी रिकामी जागा असते आणि नकाशा जुना ठरतो. शिवाय जमिनीपासून सुमारे वीस सेंटीमीटर उंचीवर बसवलेला लायडार एकाच आडव्या पातळीत पाहतो. त्याला टेबलाचे पाय दिसतात, पण बाहेर डोकावणारी टेबलाची कड दिसत नाही. फोर्कलिफ्टची चाके दिसतात, पण कमरेच्या उंचीवर पुढे आलेले तिचे काटे दिसत नाहीत. म्हणूनच वरचा भाग पाहणारे, वस्तूंचे अंतर मोजणारे कॅमेरे बसवण्यात काटकसर करू नये, असे मी ठामपणे म्हणेन. सुरक्षेचा थांबा वेगळा राखलेला असतो: वाट शोधणारा संगणक काहीही म्हणो, आखून दिलेल्या संरक्षक क्षेत्रात पाऊल पडले की सुरक्षा स्कॅनर गाडी थांबवतो. अशा गाड्यांच्या सुरक्षेसाठीची आयएसओ 3691-4 ही आंतरराष्ट्रीय मानके 2020 मध्ये प्रसिद्ध झाली.

आता दुसरा प्रश्न. चौकोनांत विभागलेल्या जमिनीवर प्रत्येक रोबोपुढे दर पावलाला पाच पर्याय असतात: चार दिशा, किंवा जागीच थांबणे. दहा रोबोंचे एका पावलाचे एकत्रित पर्याय होतात सुमारे 97 लाख 66 हजार. वीस रोबोंचे होतात सुमारे 95 लाख कोटी. आणि हे झाले एकाच पावलाचे. एका रोबोसाठी सर्वांत जवळची वाट काढण्याची रीत 1950 च्या दशकापासून हाती आहे, पण अनेकांसाठी एकत्रितपणे सर्वोत्तम वाटा काढण्याचा प्रश्न गणिती अर्थाने अतिशय कठीण वर्गात मोडतो. 2012 मध्ये मांडलेली एक पद्धत आधी प्रत्येकाला आपापली सोयीची वाट काढू देते, मग दोघांची गाठ कुठे पडते ते शोधते, आणि एकदा पहिल्याला तर एकदा दुसऱ्याला ती जागा त्या क्षणी निषिद्ध ठरवून कोणता तोडगा स्वस्त पडतो ते पाहते. रोबोंची टक्कर झाली तर तिची किंमत मोठी असते. लंडनमधील एरिथ येथे ओकॅडो या ऑनलाइन किराणा विकणाऱ्या कंपनीच्या गोदामात जुलै 2021 मध्ये जाळीवरून धावणारे तीन रोबो एकमेकांवर आदळले आणि आग लागली.

प्रत्यक्षात अनेक ठिकाणी जागा राखून ठेवण्याचा साधा नियम वापरतात. पूर्वी एकेरी रेल्वेमार्गावर स्टेशनमास्तरकडून परवानगीची खूण असलेला गोळा हातात पडल्याशिवाय चालक गाडी पुढच्या टप्प्यात नेत नसे. तसेच अरुंद मार्गिकेचा टप्पा नियंत्रक सॉफ्टवेअरने बहाल केल्याशिवाय रोबो त्यात शिरत नाही. या नियमाने टक्कर टळते, पण कोंडी टळतेच असे नाही. चार रोबो एका चौकाभोवती उभे आहेत आणि प्रत्येकाला पुढच्याने अडवलेलीच जागा हवी आहे, अशी स्थिती आली तर नियम तंतोतंत पाळूनही चौघे तिथेच खिळून राहतात. म्हणून टप्पा देण्यापूर्वीच, तो दिल्यानंतर सगळ्यांना पुढे सरकता येईल का, हे तपासावे लागते. मार्गिका एकदिशा करणे आणि थांबायच्या जागा चौकापासून दूर आखणे या उपायांनी ही कटकट पुष्कळ कमी होते, आणि ते जमिनीवर मार्गिका रंगवण्यापूर्वी करायचे असतात.

आणखी एक अडचण घड्याळाची. कागदावरच्या योजनेत रोबो ठरल्या क्षणी चौकात पोहोचतो. खऱ्या आवारात कोणी कामगार वाटेत उभा राहतो आणि सात सेकंद जातात. त्या सात सेकंदांनी सगळ्यांचे वेळापत्रक कोलमडू नये, म्हणून वेळेपेक्षा क्रम जपणे श्रेयस्कर ठरते. चौकातून आधी पहिला जाईल आणि मग दुसरा, एवढेच पक्के ठेवायचे. पहिला उशिरा आला तर दुसरा थांबतो, पण आदळत नाही. उशीर फारच वाढला, तर नियंत्रक क्रम नव्याने लावतो.

निरनिराळ्या कंपन्यांचे रोबो एकाच नियंत्रकाच्या हाताखाली चालावेत, यासाठी जर्मनीतील वाहन उद्योग आणि यंत्र उद्योगाच्या संघटनांनी व्हीडीए 5050 ही संदेशांची सामाईक पद्धत आणली. तिच्यात रोबोला मिळणाऱ्या आदेशाचे दोन भाग असतात. पहिला भाग मंजूर झालेल्या वाटेचा. तिथवर रोबो निर्धास्त जाऊ शकतो. दुसरा भाग पुढे बहुधा कुठे जायचे आहे ते सांगतो, पण मंजुरी येईपर्यंत रोबोने मंजूर वाटेच्या शेवटच्या बिंदूवर थांबायचे असते. पुढचा तुकडा वेळेवर मंजूर होत गेला, तर रोबो न अडखळता सलग धावतो. वायफायची लहर एखाद्या लोखंडी रॅकमागे क्षीण झाली, तर तो शेवटच्या मंजूर बिंदूवर मुकाट उभा राहतो.

संदेश सामाईक झाले तरी प्रत्येक उत्पादकाचा रोबो आपापला नकाशा स्वतःच्या लायडारने तयार करतो. एकाच्या नकाशातला शून्यबिंदू दरवाज्याशी असतो, तर दुसऱ्याच्या नकाशातला चार्जिंगच्या जागेशी. चौक कुठे आहे, याबद्दल दोन रोबोंमध्ये 30 सेंटीमीटरचा मतभेद असेल, तर नियंत्रकाने कितीही चोख क्रम लावला तरी तो निरुपयोगी ठरतो. त्यामुळे मिश्र ताफा सुरू करण्यापूर्वी दूरदूरचे काही पक्के खांब निवडून, प्रत्येक नकाशात त्यांची स्थाने मोजून सगळे नकाशे एका मापात बसवून घ्यावे लागतात, आणि आवारात भिंत किंवा रॅक हलली की हे काम पुन्हा करावे लागते.