वीस नॅनोहेन्रीची डोकेदुखी

इलेक्ट्रिक कारची बॅटरी देते डीसी, मोटर चालते तीन फेजच्या एसीवर. मधलं काम इन्व्हर्टरचं. त्यात स्विचच्या तीन जोड्या असतात, सेकंदाला दहा हजार वेळा किंवा त्याहूनही जास्त चालू-बंद होणाऱ्या. एका जोडीतले दोन्ही स्विच चुकून एकदम चालू राहिले तर थेट शॉर्ट सर्किट. म्हणून एक बंद झाल्यावर क्षणभर थांबून मगच दुसरा चालू करतात.

इथपर्यंत पाठ्यपुस्तक. खरी गंमत चालू आणि बंद यांच्या मधल्या क्षणात आहे. बंद स्विचमधून प्रवाह जात नाही, चालू स्विचवर जेमतेम एक-दोन व्होल्ट असतात. पण बंद होता होता एक वेळ अशी येते की ४०० व्होल्टही असतात आणि ३०० अँपिअरही. गुणाकार करा: १२० किलोवॅट! मायक्रोसेकंदाहून कमी टिकणारा हा क्षण सेकंदाला हजारो वेळा येतो आणि स्विच तापवतो.

आयजीबीटी हा जुन्या प्रकारचा सिलिकॉन स्विच बंद होताना रेंगाळतो. टेस्लाने २०१७ मध्ये मॉडेल ३ च्या इन्व्हर्टरमध्ये सिलिकॉन कार्बाइडचे मॉस्फेट, म्हणजे दुसऱ्या प्रकारचे स्विच, बसवले, ते झटकन बंद होतात. त्यांचा दुसरा गुण मला जास्त मोलाचा वाटतो. आयजीबीटीवर प्रवाह कमी असला तरी एखादा व्होल्ट वाया जातोच; मॉस्फेटवर मात्र प्रवाहाच्या प्रमाणात. शहरातल्या ट्रॅफिकमध्ये गाडी बहुतेक वेळ कमी प्रवाहावरच रखडत असते, तिथे ही बचत दिसते.

मग स्विच जितका चपळ तितका चांगला? तसंही नाही. वेगाने वाहणाऱ्या पाण्याचा नळ फटकन बंद केला की पाइप दणका देतो, तसाच तुटलेला प्रवाह व्होल्टेज उसळवतो. स्विचजवळ वीज साठवणाऱ्या कपॅसिटरपासून स्विचपर्यंतच्या तांब्याच्या वाटेत २० नॅनोहेन्री इंडक्टन्स, म्हणजे प्रवाहातल्या बदलाला होणारा विरोध, आहे असं धरू. ३०० अँपिअर ५० नॅनोसेकंदांत तोडले तर उसळी १२० व्होल्टची, म्हणजे एकूण ५२०. तेच २० नॅनोसेकंदांत तोडले तर उसळी ३०० ची, एकूण ७००. स्विचची चिप ६५० व्होल्टच सोसणारी असेल तर खेळ खलास.

म्हणून धन आणि ऋण बसबार (प्रवाह वाहून नेणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या) मध्ये पातळ इन्सुलेशन घालून एकमेकांवर चिकटवतात. उलट दिशेच्या प्रवाहांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना बरीचशी मारून टाकतात. इंडक्टन्स १० नॅनोहेन्रीवर आणला की तीच उसळी १५० व्होल्टची राहते, चिप वाचते.

तरी चपळाईचा त्रास मोटरला होतोच: वाइंडिंगच्या पहिल्या वेढ्यांवर ताण, बेअरिंगमध्ये बारीक ठिणग्या, शिवाय रेडिओत खरखर. मग टेस्ट बेंचवर स्विचला चालू-बंदचा इशारा नेणाऱ्या वाटेतला गेट रेझिस्टर बदलत बसायचं. काही ओहमचा हा चिमुकला भाग. त्याचे ओहम वाढवले की स्विच मंदावतो, उसळी घटते, उष्णता वाढते. हल्ली काही गेट ड्रायव्हर, म्हणजे हा इशारा पाठवणारी सर्किटं, तर गाडी धावत असतानाच, प्रवाह आणि तापमान बघून हा वेग बदलतात.