सरळ रस्ता, वाकडा आकडा

चाकांची अलाइनमेंट करून परतताना इंदूरच्या पलासिया चौकातच डॅशबोर्डवर घसरत्या गाडीचा पिवळा दिवा लागला. फोनवर गॅरेजवाल्याचं निदान, गाडी न बघताच: "भिया, स्टेअरिंग का सेंसर उड गया. नया डलेगा." संध्याकाळी काकूंनी बंपरला नवं लिंबू-मिरची बांधलं. दोन्ही निदानांमागचा पुरावा सारखाच होता.

हा दिवा ईएसपीचा. गाडी घसरू लागली की सावरणारी ही यंत्रणा बॉश आणि मर्सिडीजने १९९५ मध्ये आणली. गाडी प्रत्यक्षात कुठे वळतेय हे तिला इतर सेन्सर सांगतात. चालकाला कुठे वळायचंय, हे मात्र स्टेअरिंगच्या कोनावरूनच कळतं.

मेख अशी, की स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण तीन फेऱ्या फिरतं. १० अंश आणि ३७० अंश दिसायला सारखेच. मग कितवी फेरी चालू आहे हे कसं ओळखायचं? काही सेन्सरांमधली युक्ती मला भारी आवडते. स्टेअरिंगच्या दांड्यावर एक मोठं दातेरी चाक, त्याला भिडलेली दोन छोटी. समजा मोठ्याला ४० दाते, छोट्यांना १३ आणि १४. छोट्यांच्या पोटात चुंबक असतो, आणि त्याची दिशा बदलली की समोरच्या पट्टीचा विद्युतरोध बदलतो (हा गुण विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी १८५७ मध्ये नोंदवला). एकूण किती दाते सरकले ते कुणीच मोजत बसत नाही; छोटी चाकं नुसती बाकी सांगतात. डाव्या टोकापासून समजा एकाची बाकी ४, दुसऱ्याची ११. १३ ने भागून ४ आणि १४ ने भागून ११ उरेल अशी संख्या १८२ च्या आत एकच आहे: ९५. दात्याला ९ अंश, म्हणजे ८५५. दोन पुऱ्या फेऱ्या आणि वर १३५. १८२ दाते म्हणजे साडेचार फेऱ्यांहून जास्त, तेवढं स्टेअरिंग फिरतच नाही. बाकींवरून संख्या काढण्याचं हे गणित, कुट्टक, आर्यभटाने ४९९ च्या सुमारास दिलं. म्हणून ईएसपी आर्यभटाची, असं कृपा करून फॅमिली ग्रुपवर टाकू नका.

तर, निदान. गाडीच्या संगणकातले दोष वाचणाऱ्या स्कॅनरवर सी००५१ हा कोड आला. तो या सेन्सरकडे बोट दाखवतो, पण नुसत्या बोटावर शिक्षा देऊ नये. रविवारी सकाळी सुपर कॉरिडॉरवर गाडी नाकासमोर चालवली. स्कॅनरच्या लाइव्ह डेटात कोन शून्याऐवजी १० अंश. मग गाडी उभी करून स्टेअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. आकडा कुठे अडकला नाही, कुठे उडी मारली नाही. तसं झालं असतं तर सेन्सर, कनेक्टर किंवा वायर तपासली असती. बॅटरी मलूल असली तरी असले दिवे लागतात, ती आधीच पाहिली होती. इथे चूक सगळीकडे तेवढीच, दहाच अंशांची. अलाइनमेंटमध्ये टाय रॉड (स्टेअरिंगचं वळण चाकांपर्यंत नेणाऱ्या दांड्या) पिळताना सरळपणाची जागा सरकली, स्टेअरिंग उपसून दिसायला सरळ बसवलं गेलं, आणि खाली दांड्यावरच्या सेन्सरचं शून्य जुन्याच जागी राहिलं.

टाय रॉड नीट करून घेतले, स्टेअरिंग मूळ खाचेत बसवलं, स्कॅनरवरून शून्य नव्याने शिकवलं. नवा सेन्सर लागला नाही. परतताना त्याच रस्त्यावर आकडा अर्धा अंश इकडेतिकडे होत होता. तेवढं तर पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला दिलेल्या उतारामुळेही होतं.